जहाजावरील झडती

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं ब्राह्मणास ज्या गोष्टी निषिद्ध म्हणून सांगितल्या, त्यांत समुद्रयान आणि सुरापान या दोन फार वरच्या पायरीवर आहेत. बौधायनानें समुद्रप्रवास हें पतनाचें कारण म्हणून गणिलें. मनूनें सुरापान पंचमहापातकांत बसविलें. पहिला निषेध आमच्या समाजानें केव्हांच मोडला. दुसराहि पुष्कळ घरांत मोडला गेला आहे, पण त्याबद्दल मोठ्यानें बोलण्याची चाल अजून पडलेली नाहीं. मी जन्मभर दोन्ही पाळीत आलों होतों. गेल्या वर्षीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, मीं पहिला मोडला. आणि त्याच दिवशीं, दिवेलागणीच्या सुमारास, दुसरा मोडल्याचा आरोप माझ्या नांवानें एका छापील कागदावर नोंदला गेला. ती हकीकत सांगावी, आणि त्या निमित्तानें जहाजावरील मद्याचे नियम काय आहेत, ते तसे कां आहेत, व आपल्यासारख्या गृहस्थांनीं त्यांपासून काय घ्यावें, हें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बारा वर्षें अमेरिकेंत, न्यू जर्सी राज्यांत, राहतात. गेल्या उन्हाळ्यांत त्यांनीं आम्हां उभयतांस तिकडे बोलावून घेतलें, आणि आम्ही पोहोंचून पंधरा दिवस झाले नाहींत तोंच पांच रात्रींच्या बर्म्युडा बेटाच्या सहलीचीं तिकिटें आमच्या हातीं ठेवलीं. विमानानें समुद्र ओलांडणें यास समुद्रयान म्हणावयाचें कीं नाहीं, हा वाद मी शास्त्रीमंडळींवर सोडतों. जहाजावर मात्र माझें पाऊल तोंपर्यंत पडलें नव्हतें. अशा सहलीच्या जहाजाला हल्लीं सगळेच क्रूझ म्हणतात. पूर्वींचीं जहाजें कोठें तरी पोहोंचण्यासाठीं निघत. हीं फिरून परत येण्यासाठीं निघतात. त्यामुळें जहाजावर काय खावें, काय प्यावें, कोठें बसावें, यालाच तेथें मुक्कामापेक्षां अधिक महत्त्व असतें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं चिरंजिवांनीं कंपनीचें नियमपत्रक मोठ्यानें वाचून दाखविलें. कपड्यांची इस्त्री नेऊं नये, मेणबत्ती नेऊं नये, उघडी ज्योत कोणत्याहि कारणानें पेटवूं नये, असे एकामागून एक निषेध होते. तें ऐकून सौ.नें बाजूला काढलेलें निरांजन परत कपाटांत ठेवलें. पुढचा परिच्छेद मद्याविषयीं होता. ‘हा आपल्याला लागू नाहीं,’ असें म्हणून चिरंजिवांनीं तो गाळला आणि ते पुढें वाचूं लागले. मला त्यांत कांहींच वावगें वाटलें नाहीं; उलट मनांतून थोडा अभिमानच वाटला.

निरांजन राहिलें, तरी गंगेचा गडू सौ.नें माझ्या बॅगेंत घातलाच. काशीहून आणलेला, कथलानें तोंड बंद केलेला हा तांब्याचा लहानसा गडू आमच्या प्रत्येक प्रवासांत बरोबर असतो. आमच्या वयाला त्याची गरज केव्हां लागेल याचा नेम नाहीं.

बंदर बेयॉन या गांवीं आहे. त्या धक्क्याला केप लिबर्टी म्हणतात. १९९९ पर्यंत तेथें अमेरिकन लष्कराचा माल चढत-उतरत असे. दाराशींच हमालांनीं मोठ्या बॅगा ताब्यांत घेतल्या. प्रत्येक बॅगेला खोलीच्या क्रमांकाची कागदी पट्टी बांधतात. मग ती क्ष-किरण यंत्रांतून जाते आणि सायंकाळपर्यंत आपापल्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहते. जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारी एक पेठच होती: मजल्यावर मजले, त्यांत उपाहारगृहें, नाटकगृह, पोहण्याचे हौद, दुकानें, जुगाराचें दालन, आणि दर वळणावर एक मद्यगृह. चार वाजतां जहाज हाललें. मागें स्वातंत्र्यदेवीचा पुतळा लहान लहान होत गेला. १९६४ सालीं बांधलेल्या व्हेराझानो पुलाखालून आम्ही बाहेर पडलों, आणि उजव्या हातास सँडी हूकची वाळूची जीभ दिसूं लागली. तिच्यापुढें अटलांटिक महासागर.

या पाण्यालाहि मद्याचा इतिहास आहे. १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत अमेरिकेंत सबंध दारूबंदी होती. कायद्याची सत्ता त्या काळीं किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंत. त्या तीन मैलांच्या पलीकडे, न्यू जर्सी व न्यूयॉर्क यांच्यासमोर, मद्यानें भरलेलीं गलबतें नांगर टाकून ओळीनें उभीं राहत, आणि रात्रीं लहान वेगवान होड्या त्यांच्याकडून माल घेऊन किनाऱ्याला येत. या ओळीला लोक ‘रम रो’, म्हणजे रमची रांग, म्हणत. १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, परदेशी जहाजानें त्या तीन मैलांच्या आंत मोहोरबंद मद्यहि आणूं नये. लगेच पुढच्या वर्षीं इंग्लंडशीं तह झाला: इंग्रज जहाजांनीं मोहोर लावून मद्य आणावें, आणि त्याच्या मोबदल्यांत चोरट्या व्यापाराचा संशय असलेल्या जहाजांची झडती किनाऱ्यापासून तासाभराच्या वाटेपर्यंत घेऊं द्यावी. दारूबंदीच्याच काळांत न्यूयॉर्कचे लोक, कोठेंहि न जाणाऱ्या जहाजांत बसून, हद्दीबाहेर जाऊन पिऊन परत येऊं लागले. १९३१ मध्यें ‘मोनार्क ऑफ बर्म्युडा’ नांवाची मोठी आगबोट याच वाटेनें फेऱ्या करूं लागली. ती ज्या बेटावर जाई तेथें दारूबंदी नव्हतीच. आजहि जहाजावरील जुगाराचें दालन आणि करमुक्त दुकानें बहुतेक बंदरांत बंद असतात. सागरी हद्द ओलांडल्यावरच त्यांचे दरवाजे उघडतात. धर्म आणि कायदा यांच्या सीमा पाण्यावर कोठें आंखलेल्या असतात, हें डोळ्यांनीं दिसत नाहीं. घंटा मात्र वाजते.

असो. सहा वाजले, साडेसहा वाजले. सौ.ची बॅग आली, सूनबाईंची आली, नातवाची आली. माझी आली नाहीं. तेवढ्यांत खोलींतील टेलिफोन वाजला: अमुक मजल्यावर येऊन आपली बॅग घेऊन जावी. चिरंजीव नातवाला घेऊन पोहण्याच्या हौदाकडे गेले होते. मी एकटाच उतरलों.

तेथें एका लांबट खोलींत तीसचाळीस बॅगा भिंतीशीं रांगेनें लावल्या होत्या, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर मुलें उभीं राहतात तसे त्यांचे मालक उभे होते. जन्मभर तो देखावा मीं आंतल्या बाजूनें पाहिला होता. माझी पाळी आली. अधिकारी तरुण, ताठ आणि सौम्य बोलणारा होता. अशा जहाजांवर प्रत्येक नोकराच्या छातीवर नांव आणि देश लिहिलेला असतो. त्याच्या छातीवर ‘नेपाळ’ होतें. त्यानें माझ्यासमोर बॅग उघडविली. दोन धोतरें, सोंवळें, पोथी, गडू. आणि दोन धोतरांच्या मध्यें, नीट गुंडाळलेली, चूळ भरण्याच्या निळ्या औषधाची एक भली मोठी बाटली. त्यानें झांकण उघडलें, नाकाशीं नेलें आणि मजकडे पाहिलें. ‘ही आपली का?’

ती बाटली मीं पूर्वीं कधीं पाहिली नव्हती. परंतु वास माझ्याहि नाकापर्यंत आला. आणि ती कोणाची, हेंहि त्याच क्षणीं कळलें. सकाळीं ‘बाबा, तुमची बॅग मी भरतों’ असें म्हणणारे आमच्या पांच जणांत एकच होते. ‘नाहीं’ म्हटलें असतें तर तें खरें होतें. पण त्या ‘नाहीं’च्या पाठोपाठ ‘मग कोणाची?’ हा प्रश्न आला असता. मी म्हणालों, ‘बॅग माझी आहे.’ हेंहि खरेंच होतें. वर्गांत चाळीस वर्षें मीं मुलांना धर्मराजाच्या अर्ध्या वाक्याबद्दल दोष देण्यास शिकविलें होतें. तें अर्धें वाक्य किती सहज तोंडांतून निघतें, हें मला त्या दिवशीं कळलें.

त्यानें कागद भरला: खोलीचा क्रमांक, माझें नांव, एक बाटली, लपविलेलें मद्य. मीं खालीं सही केली. माझ्यादेखत बाटली मोरींत ओतली गेली. मग त्यानें गडू उचलून हलविला. आंतलें पाणी वाजलें. ‘यांत काय आहे?’ मी म्हणालों, ‘गंगा.’ त्याचा चेहरा एकदम बदलला. दोन्ही हातांनीं गडू धरून त्यानें तो कपाळाला लावला. मात्र कपाळाला लावून झाल्यावर तो पुन्हा एकदां यंत्रांतून काढण्यास तो विसरला नाहीं. ‘काय करूं, आजोबा,’ तो हिंदींत म्हणाला, ‘बाटली खोटी निघाली, कीं गडूचीहि झडती घ्यावी लागते.’

त्या रात्रीं झोंप येईना, तेव्हां गाळलेला तो परिच्छेद मीं स्वतः वाचून काढला. एकवीस वर्षांवरील प्रत्येक प्रवाशास, चढण्याच्या दिवशीं, ७५० मिलिलिटरची वाइनची एक बंद बाटली हातांतल्या पिशवींतून उघडपणें आणतां येते. ती आपल्या खोलींत प्यावी. भोजनगृहांत नेल्यास बूच उघडण्याचें शुल्क द्यावें. बीअर, व्हिस्की, रम हीं मुळींच आणूं नयेत. मधल्या बंदरांत अथवा जहाजावरील दुकानांत विकत घेतलेली बाटली जहाजाचे लोक आपल्यापाशीं ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्रीं परत देतात. लपविलेली परत मिळत नाहीं, आणि फारच आगळीक झाली तर प्रवाशाला पुढच्या बंदरांत उतरविण्याचाहि अधिकार कंपनीनें राखून ठेवला आहे. अमेरिकेंतून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचे नियम थोड्याफार फरकानें असेच आहेत. कोणी शुल्क घेऊन वाइनच्या अधिक बाटल्या येऊं देतात, कोणी बीअरचे मोजके डबेहि चालवून घेतात. परंतु कडक मद्याला दार बहुतेक ठिकाणीं बंद.

जेथें दार बंद तेथें फट शोधणारे असतातच. चूळ भरण्याच्या औषधाच्या बाटलींत मद्य भरून त्यांत खाण्याचा रंग घालणें, ही जुनी युक्ति. डोकें धुण्याच्या औषधाच्या बाटल्या, कपड्यांच्या घड्यांत सपाट बसणाऱ्या मऊ पिशव्या, दुर्बिणीच्या आकाराचे पोकळ डबे, हीं सर्व या कामासाठीं दुकानांतून विकत मिळतात. याचा शेवट कोठें झाला पाहा. पाण्याच्या बाटल्यांतूनहि मद्य येऊं लागलें, आणि एकेक बाटली तपासण्यांत प्रवाशांच्या रांगा खोळंबूं लागल्या. तेव्हां कार्निव्हल या मोठ्या कंपनीनें जुलै २०१५ पासून प्रवाशांना बाटलीबंद पाणीच आणण्याची मनाई केली. मद्याविरहित पेयांचे बारा डबे आणावे, पाणी जहाजावर विकत घ्यावें. थोड्यांच्या लबाडीनें सर्वांच्या पाण्यावर संशय आला. माझ्या गडूची झडती म्हणजे त्याच गोष्टीची एक लहानशी आवृत्ति.

दुसरा सबंध दिवस समुद्रच होता. चिरंजिवांशीं मी कामापुरतेंच बोललों. सहीची माझी प्रत मीं टेबलावर ठेवली होती. लपविली नव्हती, दाखविलीहि नव्हती. दुपारीं वरच्या सज्जांत लिंबाचें सरबत घेऊन बसलों असतां तें आणून देणारा गृहस्थ मडगांवकडचा निघाला. तो कोंकणींत बोले, मी मराठींत. कोणाचें कांहीं अडलें नाहीं. अशा जहाजांवर गोव्याचीं माणसें पुष्कळ. नियमाचें इंगित त्यानें मला दोन वाक्यांत सांगितलें. तिकीट स्वस्त ठेवावयाचें आणि पेला महाग, हा सगळा हिशेब. एका पेल्यास बारा ते चौदा डॉलर, वर शेंकडा अठरा सेवाशुल्क. रोजची ठराविक रक्कम भरून हवें तेवढें प्यावें, अशीहि सोय असते. पण एकानें घेतलेला पेला दुसऱ्यानें पिऊं नये म्हणून पुष्कळ ठिकाणीं एका खोलींतील सर्व प्रौढांना ती रक्कम भरावी लागते. प्रवाशानें घरून बाटली आणली, तर जहाजाचें उत्पन्न बुडालें.

‘पण तेवढेंच कारण नाहीं, मास्तर,’ तो पुढें म्हणाला. ‘माझ्यासमोर बसून पिणाऱ्याला मी पाहतों. डोळे पाहतों, जीभ ऐकतों, आणि पुरे झालें असें वाटलें तर देत नाहीं. खोलींत दार लावून पिणाऱ्याला कोण पाहणार? खोलीला सज्जा, सज्जाला कठडा, आणि कठड्याखालीं समुद्र.’ तो स्वतः आणि त्याचे सोबती यांना याहून कडक नियम आहेत. २०१० सालीं मनिला येथें सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें जहाज चालविणाऱ्यांच्या रक्तांत ०.०५ टक्क्यांहून अधिक मद्य असूं नये असें ठरविलें आहे.

हें ऐकतांना मला कौटिल्याची आठवण झाली. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्षाचें प्रकरण आहे, तें आम्हीं पूर्वीं प्राचीन राज्यव्यवस्थेचें कुतूहल म्हणून वाचलें. तें एक दिवस आपल्या पायांखालीं तरंगतांना दिसेल असें वाटलें नव्हतें. ठरलेल्या जागेखेरीज अन्यत्र मद्य करणाऱ्यास, घेणाऱ्यास आणि विकणाऱ्यास सहाशें पण दंड. मद्य गांवाबाहेर जाऊं द्यावयाचें नाहीं. ज्याचें वर्तन चोख म्हणून माहीत आहे त्यासच तें थोड्या मापानें बाहेर नेऊं द्यावें, बाकीच्यांनीं पानागारांतच बसून प्यावें. तें पानागार कसें असावें? अनेक खोल्यांचें, निरनिराळीं आसनें व शय्या असलेलें, सुगंध, माळा आणि पाणी यांनीं युक्त, सर्व ऋतूंत सुखावह. राजाच्या मालकीचें नसलेलें मद्य विकावयाचें तर शेंकडा पांच शुल्क. बूच उघडण्याचें शुल्क याहून निराळें काय आहे? आणि सर्वांत लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं, घरोघरच्या कार्यप्रसंगीं गृहस्थाला स्वतःपुरतें मद्य करण्याची मोकळीक, आणि उत्सव-यात्रांच्या वेळीं चार दिवसांची सूट. कौटिल्य मद्याचा मित्र नव्हता. पण माणसाला उघडपणें चालावयास एक वाट ठेवली नाहीं, तर तो भिंतीला भोंक पाडतो, हें तो जाणत होता.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं बर्म्युडा दिसलें. जवळची भूमि हजार किलोमीटरवर, आणि मध्यें हें अवघें चोपन्न चौरस किलोमीटरचें बेट. पाण्याचा रंग कांठाशीं हिरवा, पुढें निळा, त्याहून पुढें जांभळा. परंतु माझे डोळे खिळले ते घरांवर. गुलाबी, पिवळ्या, आकाशी भिंती, आणि प्रत्येक घरावर पांढरें शुभ्र छप्पर, पायऱ्या पायऱ्यांचें. या बेटावर नदी नाहीं, गोड्या पाण्याचें तळें नाहीं. म्हणून चुनखडीच्या फरशा पायरीसारख्या रचून, वर चुना देऊन छप्पर करतात. पावसाचें पाणी त्या पायऱ्यांवरून सावकाश उतरतें आणि घराखालच्या टांक्यांत सांठतें. घर बांधणाऱ्यानें असें पाणी धरलेंच पाहिजे, असा तेथें कायदा आहे. आतां समुद्राचें पाणी गोडें करण्याचे कारखानेहि आहेत; तरी घराघराखालीं टांकी आहेच. एका वृद्ध बाईनें आपली टांकी आम्हांला कौतुकानें दाखविली. झांकण उचलतांच आंत काळेंशार, स्तब्ध पाणी. सौ.ला हें सर्व फार आवडलें. ‘येथें पाण्याला देव म्हणत नसतील, पण वागवितात तसेंच,’ ती म्हणाली.

आमचें जहाज बेटाच्या पश्चिम टोकाला, इंग्रजांच्या जुन्या आरमारी गोदीला लागलें होतें. ही गोदी १८०९ पासून बांधूं लागले. १८२४ पासून १८६३ पर्यंत इंग्लंडहून आणलेल्या कैद्यांकडून दगड फोडविले. १९५१ सालीं गोदी बंद झाली. त्यानंतर उरलेलें लहानसें आरमारी ठाणें १९९५ पर्यंत चालू होतें, आणि त्याचें नांव होतें ‘मलबार’. इतक्या दूर तें नांव वाचून मौज वाटली. येथें जहाजांच्या शिध्याचीं कोठारें आहेत, आणि रमचीं व खारविलेल्या मांसाचीं पिंपें जेथें बनत त्या इमारतींत आतां खानावळ व मद्यगृह आहे. इंग्रज आरमारांत खलाशांस रोज रमचा शिधा मिळे. १७४० सालीं व्हर्नन नांवाच्या सेनापतीनें त्यांत पाणी मिसळावयास लावलें, कारण निवळ रमनें खलाशी कामांतून जात; आणि ३१ जुलै १९७० रोजीं तो शिधा कायमचा बंद झाला. म्हणजे जें जहाजावर आणण्यास आज बंदी, तें दोन-तीन शतकें जहाजच माणसाच्या हातांत ओतीत होतें.

त्या गोदीच्या तटावर, जुन्या तोफेच्या कट्ट्याशीं, मी बसलों होतों. चिरंजीव येऊन शेजारीं बसले. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, ‘बाबा, तो कागद मीं पाहिला. सही कां केलीत?’

‘बॅग माझी होती.’

‘तुमच्या बॅगेवर कोणी संशय घेणार नाहीं, असें मला वाटलें.’

याहून जिव्हारीं लागणारें वाक्य मीं आयुष्यांत थोडेंच ऐकलें असेल. माझ्या चाळीस वर्षांच्या नांवाचा उपयोग माझ्या मुलानें पडद्यासारखा केला होता. ‘केव्हांपासून?’ मीं विचारलें. ‘नोकरीच्या दुसऱ्या वर्षापासून. शनिवारीं, मित्र जमले तर. अधिक नाहीं.’ ‘आणि घरीं कोणास ठाऊक आहे?’ तो थोडा थांबला. ‘सगळ्यांना. आईलासुद्धां.’ ‘मग मलाच कां सांगितलें नाहींस?’

‘काकांना तुम्हीं गणपतीच्या दिवशीं उंबऱ्याबाहेर उभें केलेंत, तेव्हां मी नऊ वर्षांचा होतों,’ तो म्हणाला. ‘मी दाराआड होतों.’

हें मात्र वाचकांस थोडें सांगितलें पाहिजे. माझा धाकटा बंधु कारखान्यांत नोकरीस होता. त्या वर्षीं चतुर्थीच्या दुपारीं तो आला, आणि त्याच्या तोंडाला वास आला. मीं सर्वांदेखत त्याला दार बंद केलें. त्यानें वाद घातला नाहीं. हातांतला नारळ पायरीवर ठेवून तो गेला. त्यानंतर सत्तावीस वर्षें तो माझ्या घरीं जेवला नाहीं; आईच्या तेराव्यालाहि अंगणांत बसून परत गेला. मीं तें निष्ठेनें केलें होतें, आणि घरांत पुन्हा कधीं तसा वास आला नाहीं याचें मला समाधान होतें. वास आला नाहीं याचें कारण निराळें होतें, हें समजावयास मला बर्म्युडापर्यंत जावें लागलें.

मौसलपर्वांतील कथा मीं मुलांना किती वेळां सांगितली असेल! ऋषींच्या शापानें भ्यालेल्या द्वारकेंत आज्ञा सुटली कीं, यापुढें कोणीं मद्य गाळूं नये. गाळील त्याला बांधवांसह सुळीं देऊं. त्या भयानें सर्वांनीं तें मान्य केलें. आणि मग तेच यादव समुद्रकांठीं प्रभासतीर्थाच्या यात्रेस निघाले, तेव्हां खाण्यापिण्याचे जिन्नस व मद्य बरोबर घेऊन निघाले. तेथें प्याले, जुनीं उणीं काढलीं, आणि एकमेकांच्या हातून मेले. मी वर्गांत सांगत असें कीं, या कथेचें तात्पर्य मद्याचा परिणाम. तें तात्पर्य आजहि खरें आहे. परंतु दुसरेंहि एक तिच्यांत आहे, आणि तें मजकडून नेहमीं गाळलें गेलें: सुळाच्या भीतीनें पाळलेली बंदी गांवाच्या वेशीपर्यंतच टिकते. अमेरिकेनें तेरा वर्षें हेंच पाहिलें. आपल्याकडे १९४९ सालीं झालेला दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रांत आजहि जिवंत आहे. पिणाऱ्यानें परवाना बाळगावा असें तो सांगतो. किती जण बाळगतात, हें वाचकांनीं आपल्या ओळखीपाळखींत पाहावें.

याचा अर्थ मी मद्यपानाचा पुरस्कर्ता झालों, असा कोणीं करूं नये. मद्यानें धुळीस मिळालेलीं घरें माझ्या विद्यार्थ्यांतच मीं इतकीं पाहिलीं आहेत कीं, माझें मत बदलण्याचें कारण नाहीं. मला जें उमगलें तें एवढेंच. जहाजाच्या कंपनीचा हेतु नफ्याचा, माझा हेतु धर्माचा; पण तिच्या नियमांत खरें बोलणाऱ्याला एक दार होतें, आणि माझ्या नियमांत नव्हतें. माझ्या घरांत सांगणारा आणि लपविणारा यांतून सांगणाऱ्यालाच शिक्षा होती. अशा घरांत मुलें व्यसनापासून दूर राहतातच असें नाहीं. बापापासून मात्र खात्रीनें दूर जातात.

दुपारीं गांवांतील दुकानासमोर चिरंजीव थांबले आणि सौ.समोर, सूनबाईंसमोर मला विचारते झाले, ‘येथली रम प्रसिद्ध आहे. एक बाटली घरीं नेऊं का?’ मीं ‘घे’ म्हटलें नाहीं. ‘नको’हि म्हटलें नाहीं. ‘घेशील तर तिच्यावर नांव तुझें लिही,’ एवढेंच म्हणालों. जहाजावर चढतांना त्यानें ती स्वतः त्या नेपाळी अधिकाऱ्याच्या हातीं दिली आणि पावती घेतली. शेवटच्या रात्रीं जिकडेतिकडे दारोदार बाटल्या पोहोंचविण्यांत आल्या. आमच्या शेजारच्या दाराशीं त्याची बाटली आली. तिच्या गळ्यांत त्याच्या नांवाची चिठ्ठी होती. बेयॉनला उतरतांना जकातीच्या अधिकाऱ्यासमोर त्यानें ती सांगितली. प्रौढ माणसास एक लिटरपर्यंत माफी असते, त्यामुळें कर पडला नाहीं. माझ्या बॅगेंत धोतरें, पोथी आणि गडू, एवढेंच होतें.

परत आल्यावर भाद्रपदांत चतुर्थीच्या आदल्या दिवशीं मी बंधूच्या घरीं गेलों. काय बोलावें याची मनांत केलेली तयारी दारांतच विसरलों. ‘उद्यां जेवावयास ये,’ म्हणालों. तो माझ्याकडे पाहत राहिला. त्यानें पाण्याचें भांडें पुढें केलें. मीं तें घेतलें. तो अजून पितो कीं नाहीं, हें मीं विचारलें नाहीं. रात्रीं निघतांना त्यानेंच आपण होऊन सांगितलें. काय सांगितलें तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं. त्यानें तें मला सांगितलें, हेंच पुरे. दुसऱ्या दिवशीं तो आला. त्याच्या हातांत नारळ होता.